रावणाच्या तोंडातून

पांगारा फुलला की मला एक वास येतो. गंमत अशी, की पांगाऱ्याच्या फुलाला वासच नाही. माघ सरता सरता झाडाची पानं झडून जातात, अंगभर काटे तेवढे उरतात, आणि मग एखाद्या सकाळी त्या उघड्याबोडक्या फांद्यांच्या टोकांना लालभडक फुलं दिसू लागतात, पोपटाच्या चोचीसारखी बाकदार. साळुंक्या, कावळे, कोतवाल दिवसभर त्या फुलांवर कलकलत असतात. खाली उभं राहून कितीही श्वास ओढा, नाकाला काही लागत नाही. माझ्या नाकात मात्र त्याच वेळी जुन्या लाकडाचा, वाखाचा, घामाचा आणि विझलेल्या विडीचा वास दाटून येतो, आणि भर उन्हात डोळ्यांपुढे अंधार उभा राहतो. उबदार, दमट, गालांना खरखरीत लागणारा अंधार. त्याला पुढच्या बाजूला एक अरुंद फट आहे, आणि त्या फटीतून पेट्रोमॅक्सचा पिवळा उजेड आत येतो आहे.

तो अंधार रावणाच्या डोक्यातला. मी त्यात एकदा राहून आलोय. दोन-तीन मिनिटं फार तर.

आमचं गाव बावनदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. रत्नागिरी शहरात बारा वाड्यांच्या भैरीबुवाची पालखी निघते तेव्हा रस्ते माणसांनी फुलून जातात. आमच्याकडे तसं काही नाही. आमचा शिमगा लहान. पण लहानपणी आपल्याच गावची होळी सगळ्यात उंच असते, आणि आपलीच पालखी सगळ्यात जड. फाकपंचमी झाली की रात्री लांबून ढोल ऐकू यायचा, आणि आजी चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, "लागली बघ रूपं."

रूपं. मुखवटा हा शब्द मी पुढे शाळेच्या पुस्तकात वाचला. आमच्या बाजूला तो कुणी फारसा बोलत नाही. देवाची असतात ती रूपं आणि खेळ्यांची असतात ती सोंगं. रूपं चांदीची. वर्षभर मानकऱ्यांच्या घरी पेटीत असायची. शिमग्याला बाहेर काढून रिठ्याच्या पाण्याने धुतली, पालखीत बसवली, लुगडी नेसवली, फुलं वाहिली, की देवीला अंग यायचं. खरं तर गळ्याखाली काहीच नव्हतं. पालखी हीच तिची काया आणि दांड्याखालचे खांदे हेच तिचे पाय, म्हणून तर ती नाचायची. आम्हा पोरांना त्या रूपांना हात लावायची परवानगी नव्हती. लांबून पाहायचं. चांदीच्या त्या मोठमोठ्या डोळ्यांत होमाच्या ज्वाळा हललेल्या दिसायच्या आणि मला वाटायचं, देवीने पापणी मिटली.

सोंगांचं तसं नव्हतं. सोंगं आपली होती. काळ्या झग्यातला, उंच टोकदार टोपीचा संकासूर कमरेचे घुंगरू वाजवत दारोदार फिरायचा, आम्ही किंचाळत पडवीत पळायचो, आणि तोच संकासूर मागल्या दारी जाऊन दाढी वर करून पाणी प्यायचा. पुराणातल्या शंखासुराने वेद चोरले आणि विष्णूला त्यासाठी मासा व्हावं लागलं, ही गोष्ट आजीने सांगितली होती. आमच्या संकासुराने फार तर कुणाच्या उंबऱ्यावरची करंजी चोरली असेल.

आणि रावण. तो दिवसा कधीच दिसायचा नाही. नमन रात्रभर चालायचं. मृदुंग, झांजा, गण, मग गौळण, मग पेंद्या आणि मावशी यांचा पोट दुखवणारा दंगा, मग वग, आणि अगदी शेवटी, तांबडं फुटायच्या सुमाराला, रावण. तोवर आम्ही पोरं घोंगडीवर एकमेकांच्या अंगावर मेल्यासारखी झोपलेली. झोपताना आईला बजावून ठेवायचं, रावण आला की उठव. ती उठवायची. पण पहिला रावण दिसायचा तो स्वप्न आणि जाग यांच्या मधल्या पट्टीवर. मृदुंगाची लय अचानक बदललेली, बायकांनी पदर सावरलेला, आणि कनातीमागून दहा तोंडं एकदम बाहेर येणारी. मधलं मोठं, डावीकडे पाच, उजवीकडे चार. मी दरवर्षी मोजायचो, आणि दरवर्षी मला ते एका बाजूला झुकल्यासारखं वाटायचं. एवढं ज्ञान, एवढी लंका, आणि तोल तेवढा नाही.

ते सोंग पांगाऱ्याचं होतं. आजोबांच्या लहानपणी गावच्या सुताराने वाकसाने आणि पटाशीने कोरलेलं. सागाचं का नाही, शिसवाचं का नाही, असं मी एकदा विचारलं तर आजोबा हसले. म्हणाले, "सागाचा रावण डोक्यावर घेतला तर मान मोडून लंकेच्या आधीच मरंल." पांगारा वाळला की हलका होतो. कापायला मऊ, पण मऊ म्हणून लाडीक. धार जरा बोथट असली की कापला जायच्या ऐवजी कुसकरतो, आणि कितीही घासला तरी आतून रवाळ राहतो. सावंतवाडीच्या चितारआळीतले लोक याच लाकडाची खेळण्यातली फळं करायचे. एकाच झाडाची केळी-पपई व्हायची आणि रावणही. बाकी या झाडाला कोकणात कोण विचारतो? कुंपणाला लावा, मिरीचा वेल चढवा, आणि विसरून जा.

दर शिमग्याला रावणाला नवा रंग लागायचा. पूर्वी म्हणे गेरू, काजळ, चुना. माझ्या वेळेपर्यंत डब्यातला ऑइल पेंट आलेला. मला तो आवडायचा नाही, आजही आवडत नाही. त्या चकाकीने रावण नुकताच तेलकट वडा खाऊन आल्यासारखा दिसतो. पण कुठे टवका उडाला की खालचे थर दिसायचे. लाल, त्याच्याखाली हिरवट, त्याच्याखाली विटकरी, आणि अगदी तळाशी लाकूड, कुणाच्या तरी तळहातासारखं फिकट. मी तासन्‌तास त्या टवक्यात बघत बसलोय.

सोंग घ्यायचे ते माझे धाकटे काका. मुंबईला लालबागच्या बाजूला गिरणीत साचेखात्यात होते. वर्षातून दोनदा गावी यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. शिमग्याला यायचे ते पुनवेच्या आदल्या रात्रीच्या एसटीने, आणि पालखी दारात येऊन गेली की परतायचे. खाडा झाला तर पगार कापायचा. त्यामुळे काका म्हणजे माझ्या लेखी एक बॅग, एक विडीचा वास, कानशिलाजवळच्या केसांत अडकलेला कापसाचा एखादा तंतू, आणि रावण.

फक्त एका वर्षी ते राहिले. १९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, महिना-दोन महिने. काका फेब्रुवारीतच गावी आले. बॅग नेहमीपेक्षा मोठी होती, एवढंच मला कळलं. आणि आईने त्यांच्यापुढे ताट ठेवताना आवाज उगाच हळू केला, तेही. मी नऊ वर्षांचा होतो. मला वाटलं, काय मजा! काका सुट्टीवर आहेत आणि सुट्टी संपतच नाहीये.

त्या फाल्गुनात त्यांनी रावणाची दोरी नव्याने वळली. आधीची दोरी कुजली होती. एवढं जड सोंग नुसतं हाताने धरून नाचता येत नाही. मागून एक पट्टा आणि दोन दोऱ्या लागतात, डोक्याला चुंबळ लागते. सुंभ चालत नाही, कानाला कापतो. त्यासाठी केवणीची साल हवी.

केवण तुम्ही पाहिली असेल, ओळखली नसेल. रानात, वाटेच्या कडेला, माणसापेक्षा थोडी उंच वाढणारी झुडपं. लाल फुलं येतात ती कोमेजता कोमेजता निळसर राखाडी होतात, जणू फुलाला वय होतं. आणि शेंगा पिळलेल्या, मळसूत्रासारख्या. मुरुडशेंग म्हटलं की ओळख पटेल. बाळगुटीत सहाणेवर उगाळतात ती. पोटात मुरडा आला की तिचा वळसा. मला लहानपणी ती किती वेळा चाटवली असेल याचा हिशोब आजीकडे होता. त्याच झाडाची साल म्हणजे वाख. काठ्या कापायच्या, जुड्या बांधायच्या, पऱ्याच्या डोहात दगडाखाली दाबून कुजत घालायच्या. काही दिवसांनी पाण्याला असा वास सुटतो की तिथून जाताना नाक धरावं. मग साल सुटते. आपटायची, धुवायची, वाळत टाकायची, आणि ती अशी उजळत येते की त्या कुजक्या पाण्यातून हे निघालं यावर विश्वास बसू नये. आजोबांनी पावसाळ्यात वाख करून माळ्यावर ठेवला होता. तो काकांनी खाली काढला.

पडवीत बसून, धोतर वर खोचून, ते मांडीवर वाख वळत. एका हाताने तंतू पुरवायचा, दुसऱ्या तळव्याने मांडीवरून सरसर पीळ द्यायचा, दोन पेड एकमेकांत उलटे अडकवायचे. मुंबईत ते एका वेळी चार-चार साच्यांवर कापड विणत. इथे हातभर दोरीला अर्धा तास. मी विचारलं, "काका, गिरणीत असंच करता?" त्यांनी हातातला पीळ सुटू दिला नाही. म्हणाले, "तिथं धागा तुटला की मशीन थांबतं. इथं मी थांबलो तर धागा थांबतो." मला ते तेव्हा कोडं घातल्यासारखं वाटलं. आता आठवलं की वाटतं, ते माझ्याशी बोलतच नव्हते. उरलेल्या वाखाची त्यांनी संकासुराला नवी दाढी करून दिली. पांढरी, दाट, बोटांनी विंचरलेली. ती दाढी नाकाशी धरली तर डोहाचा अगदी पुसट वास यायचा, म्हणजे यायचा असं मला वाटायचं.

आणि मग ती पहाट. नमन आमच्याच खळ्यात होतं. त्या रात्री मी झोपलोच नाही, किंवा झोपलो नाही असं मी इतक्या वर्षांत स्वतःला पटवलंय. वग चालू असताना उठून मी कनातीमागे गेलो. काका खोक्यावर बसले होते. तोंडाला हळद आणि काजळ, कपाळावर घाम, बोटांत विझलेली विडी. रावण त्यांच्या मांडीवर उताणा पडला होता. मी त्याला आतून कधी पाहिलं नव्हतं.

आतून रावणाला चेहरा नसतो. एक खळगा असतो, वाकसाच्या घावांनी भरलेला. पाण्याने झिजलेल्या कातळासारखे एकात एक मिसळलेले खोलगट वळ. बाहेर एवढे थर, एवढे रंग, एवढ्या मिशा. आत कुणी बोटभर रंग लावला नव्हता. कपाळाच्या जागी मात्र लाकूड काळं, गुळगुळीत झालेलं. आजोबांच्या चुलत्याचं कपाळ तिथे टेकलं, मग आजोबांचं, मग काकांचं.

"घालायचाय?" काकांनी विचारलं. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कोण जाणे. त्यांनी चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी भार स्वतःच पेलत रावण माझ्यावर उतरवला.

तो वास तिथला.

आधी घाम आला, ओला, ताजा, काकांचा. मग विडी. मग नव्या दोरीचा गवतासारखा. आणि या सगळ्यांच्या मागे, खोल, एक जुना थंड वास, पाऊस पडून गेल्यावर लाकडाच्या माच्याला येतो तसा. त्याच्याही मागे काहीतरी होतं, ज्याला मला अजून शब्द सापडला नाही. माझा श्वास आतल्या आत आदळून माझ्याच तोंडावर येत होता, आणि तो माझा एकट्याचा वाटत नव्हता. डोळे उघडे होते तरी दिसेना. मी घाबरून काहीतरी बोललो असणार, कारण बाहेरून, फार लांबून आल्यासारखा, काकांचा आवाज आला:

"डोळ्यातनं नको बघू. तोंडातनं बघ."

रावणाचे ते बटबटीत डोळे नुसते रंगवलेले असतात. खरी फट ओठांत, दातांच्या मागे. मी मान किंचित उचलली आणि रावणाच्या तोंडातून मला आमचं खळं दिसलं. पेट्रोमॅक्स, त्याभोवती घोंगावणारे किडे, घोंगडीवर झोपलेली माझीच भावंडं, खांबाला टेकलेली आजी, आणि डोक्यावर पदर घेऊन कनातीकडेच बघत असलेली आई. ती सगळी माणसं मला रोज दिसत होती. पण त्या दातांच्या मधून ती किती लहान, किती उघडी वाटली. मला एकाएकी रडू आलं. रावणाला रडू येत असेल का, असंही वाटून गेलं. नऊ वर्षांच्या मुलाला असले प्रश्न पडतात आणि त्याची त्याला लाजही वाटत नाही.

मग काकांनी सोंग उचललं, स्वतःच्या डोक्यावर चढवलं, दोरी आवळली आणि ते बाहेर गेले. त्या वर्षी रावण फार वेळ नाचला. मृदुंगवाल्याने दोनदा लय उतरवत आणली, रावणाने दोनदा पाय आपटून ती चढवली. पुरतं उजाडलं तरी नाचत होता. कुणीतरी म्हणालं, "याला काय आज मुंबई गाठायची नाय." लोक हसले. आईने पदर तोंडाला लावला.

संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. काका मुंबईला एकदा गेले, परत आले, पुन्हा गेले, परत आले. आणि मग आलेच. काजूची चार झाडं, थोडी भातशेती, मजुरी. पुढे सतरा शिमगे रावण त्यांच्याच डोक्यावर होता. खोकला तेवढा वाढत गेला. कापूस आत राहतो, असं आजी म्हणायची.

दोनेक वर्षांपूर्वी भाच्याने कॅनडातून एक फोटो पाठवला. व्हँकुव्हरच्या संग्रहालयातला, लाकडी सोंगाचा. लांबलचक चोच, काळा-लाल-पांढरा रंग, आणि डोक्यावरून खांद्यापर्यंत झिपऱ्याच झिपऱ्या. खाली लिहिलं होतं, 'मामा, तुमचा संकासूर इथे सापडला.' मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. त्या झिपऱ्या सीडरच्या सालीच्या. तिथल्या समुद्रकाठचे मूळ रहिवासी वसंतात, झाडात रस चढतो तेव्हा, खोडाची साल खालून सोडवून ओढतात, लांब पट्टीच्या पट्टी वरपर्यंत सुटत जाते. एका झाडाची थोडीच घेतात, झाड जगलं पाहिजे. आतली साल वेगळी काढून कुटून मऊ करतात. त्याच झाडाचं लाकूड कोरून सोंग, त्याच झाडाच्या सालीची दोरी, टोपली, चटई, केस. वाचता वाचता माझ्या मांडीला उगाच पीळ दिल्यासारखं झालं.

अशी सोंगं घालून होणाऱ्या त्यांच्या उत्सवावर तिथल्या सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत बंदी घातली होती. १९२१ च्या नाताळात एका बेटावर तो गुपचूप मांडला, तर पुढच्या वर्षी माणसं पकडली, आणि सोंगं जप्त करून पेट्यांत भरून दूरच्या संग्रहालयांना पाठवली. पुढे त्यातली बरीचशी परत मिळाली. त्यांच्यासाठी अलर्ट बे नावाच्या गावी १९८० मध्ये घर उघडलं, आणि तिथे ती काचेच्या आड ठेवलेली नाहीत. इतकी वर्षं कोंडलेली होती, आता पुरे. हे वाचलं आणि मी फोन खाली ठेवला. काचेतून सगळं दिसतं, वास येत नाही. आमच्या सोंगांवर तर कुणी बंदीही घातली नाही, जप्तीही आणली नाही. आमच्या रावणाला फक्त वाळवी लागली, आणि ती लागायला कुणाच्या हुकमाची गरज पडली नाही.

या शिमग्याला गावी गेलो तेव्हा नमनासाठी फायबरचा नवा रावण आणलेला होता. हलका, झगझगीत, दहाही तोंडं नेमकी सारखी. मला तो पाहून राग यायला हवा होता, आला नाही. पोरांच्या माना सुटल्या एवढं तरी झालं. जुना कुठे आहे विचारल्यावर चुलतभावाचा मुलगा मला देवळाच्या मागच्या खोलीत घेऊन गेला. पोत्यात गुंडाळलेला. उजवीकडच्या चारांतली दोन तोंडं गेलेली, कानाजवळ मातीची बारीक नळी चढलेली. दोरी मात्र शाबूत. काकांनी वळलेली. मी बोटाने चाचपली. पीळ अजून घट्ट होता.

आणि मी हळूच, तो पोरगा बघत नाही असं पाहून, रावण उलटा करून नाक आत नेलं.

डांबरगोळ्या. कुणी शहाण्याने किडीच्या भीतीने आत मूठभर डांबरगोळ्या टाकल्या होत्या. त्या वासाच्या मागे काही आहे का, म्हणून मी पुन्हा पुन्हा श्वास घेत राहिलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डांबरगोळ्यांनीच.

"काका, एकदा घालून बघू?" पोरगा म्हणाला. तो पुण्याला कसल्याशा कंपनीत रात्रपाळी करतो, दोन दिवसांसाठी आला होता, आणि रात्री रावण त्याचाच होता, फायबरचा. मी गोळ्या झाडून काढल्या आणि सोंग त्याच्या डोक्यावर उतरवलं. भार माझ्याच हातांत ठेवून. आतून त्याचा दबलेला आवाज आला, "कायच दिसत नाय ओ."

"तोंडातनं बघ," मी म्हणालो.

थोडा वेळ तो काही बोलला नाही. बाहेर सहाणेच्या चौथऱ्यावर पालखी टेकत होती, ढोल उतरत आला होता. दारातून उन्हाची एक पट्टी आत येऊन नेमकी रावणाच्या दातांवर पडली होती. मग त्याने सोंग काढून माझ्या हातात दिलं, कपाळ मनगटाने पुसलं, आणि "लई उकडतंय आत" म्हणत तो बाहेर पळाला. लाकूड अजून कोमट होतं. मी पुन्हा आत वाकलो. डांबरगोळ्या होत्याच; पण कपाळाच्या त्या काळ्या, गुळगुळीत जागेवर आता थोडा ओलावा होता, आणि त्याला कसल्यातरी डिओचा, लिंबासारखा, अगदी नवा वास येत होता.